एका पत्रातले पाच पेशंट

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका भगिनीचं सात पानी पत्र आलंय. ओळख पुसून थोडक्यात देते.

‘माझं वय ३९. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात मुलाला ताप आला आणि लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल झाली. ताप उतरला, रंगही गेला, पण तपासणीत रक्त आणि प्रथिनं येतच राहिली. शेजाऱ्यांनी विहिरीच्या पाण्यावर बोट ठेवलं, म्हणून फिल्टर घेतला. शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवलं. जनुकीय चाचणीत सीओएल४ए५ या जनुकात दोष निघाला. आजाराचं नाव अल्पोर्ट सिंड्रोम. क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतं ते दाखवणारी रक्ततपासणी) अजून नॉर्मल आहे. माझा थोरला भाऊ सव्विसाव्या वर्षी डायलिसिसवर गेला आणि एकतिसाव्या वर्षी वारला. त्यालाही ऐकू कमी यायचं, पण तेव्हा आजाराचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हणतात, “मामार गेलो,” म्हणजे मामावर गेला. किडनीसाठी बांबोळी, कानासाठी म्हापसा, डोळ्यांसाठी पणजी अशी आमची धावपळ चाललीय आणि तिन्ही डॉक्टर एकमेकांना ओळखत नाहीत. मुंबईचे चुलत दीर म्हणतात, घर विका आणि इकडे या, सगळे डॉक्टर एका छपराखाली मिळतील. बांबोळीला बीपीची गोळी दिलीय, पण मुलाचं बीपी नॉर्मल आहे, म्हणून महिनाभर मी ती दिली नाही. वेळ आली की माझी किडनी देणार, हे मनाशी पक्कं आहे. मी फक्त वाहक आहे. धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय, तिला अजून काही सांगितलेलं नाही. काय करू? आणि एक, मुलगा आरत्यांना घुमट, म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य, वाजवतो. ते बंद करू का?’

ताई,

बाकी सगळं मागाहून. आधी ती गोळी.

पत्रात तुम्ही नाव लिहिलंय, रामिप्रिल. तिला बीपीची गोळी म्हणतात म्हणून घोटाळा झाला. तुमच्या मुलाला ती बीपीसाठी दिलेलीच नाही. मूत्रपिंडातल्या गाळण्यांवर आतून जो दाब पडतो तो ती कमी करते आणि लघवीवाटे जाणारी प्रथिनं अडवते. या आजारात मूत्रपिंड खराब होणं लांबवणारं आज हाताशी असलेलं मुख्य औषध हेच आहे, आणि ते स्वस्तही आहे. २०१२ साली युरोपातल्या रुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना हे औषध मिळालंच नाही त्यांच्यावर साधारण २२व्या वर्षी डायलिसिसची वेळ आली होती. मूत्रपिंडाचं काम मंदावल्यावर ज्यांना ते सुरू झालं त्यांच्यावर २५व्या वर्षी. आणि ज्यांना नुसती प्रथिनं जात असतानाच मिळालं, म्हणजे तुमचा मुलगा आज जिथे आहे तिथे, त्यांच्यावर ४०च्या आसपास. हे मधल्या माणसाचे आकडे आहेत, तुमच्या मुलाची पत्रिका नव्हे. पण तो महिना माझ्या डोक्यातून जात नाही, तो या आकड्यांमुळे.

तेव्हा उद्याच बांबोळीला फोन करा किंवा जा आणि सरळ सांगा, ‘महिनाभर दिली नव्हती.’ फार तर थोडं ओरडतील. मनानेच पुन्हा सुरू मात्र करू नका. डोस कुठून धरायचा ते त्यांना ठरवू द्या, कारण सुरुवातीला रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहावं लागतं. आणि हेही विचारून लिहून घ्या: उलट्या-जुलाब लागले, ताप येऊन खाणंपिणं तुटलं, तर गोळी किती दिवस थांबवायची? आपल्याकडे पावसाळ्यात ही वेळ येतेच.

आता पेशंटांचं. तुमचं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं आणि समासात आकडे घालत गेले. तुमच्या मते पेशंट एकच. मला पाच सापडले. मुलगा, तुम्ही, मुलगी आणि धाकटी बहीण. पाचवी तुमची आई. तिला तुम्ही चौथ्या पानावर कंसात बसवलंय: ‘आईला बीपी आहे, ऐकायला कमी येतं, वयच झालंय.’ असेलही वय. पण भाऊ असा गेला, भाच्याचा अहवाल असा आला, तर त्या कंसातल्या ओळीकडे नुसतं वय म्हणून बघता येत नाही.

सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरने १९२७ साली एका ब्रिटिश कुटुंबावर लेख लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या मूत्रपिंडाचा आजार आणि त्याच्या जोडीला बहिरेपण. घरातले पुरुष तरुणपणी जात, बायका म्हातारपण गाठत, हे त्याने टिपलं. निरीक्षण खरं होतं, पण पुढे त्यातून एक समजूत रुजली की बायका नुसत्या वाहक, त्यांना काही होत नाही. ‘मी फक्त वाहक’ हे तुमचं वाक्य तिथलं आहे. आता जाणते डॉक्टर हा शब्दच टाळतात. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलग्याकडे एक्स एकच, बाईकडे दोन, म्हणून तिला दुसऱ्याचा आधार मिळतो. पण तो आधार कुणाला किती पुरेल हे आधी सांगता येत नाही. २००३ सालच्या युरोपीय कुटुंबांच्या अभ्यासात असा दोष असलेल्या बायकांपैकी सुमारे १२ टक्के चाळिशीच्या आत, तर सुमारे ३० टक्के साठीपर्यंत मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत पोचल्या होत्या. बऱ्याच जणींच्या लघवीत डोळ्यांना न दिसणारं रक्त लहानपणापासून असतं, पण कुणी बघितलेलं नसतं. तुमची लघवी शेवटची कधी तपासली? सात पानांत मला ते कुठे सापडलं नाही. बाळंतपणातली असेल.

म्हणून या आठवड्यात चार बाटल्या आणा: तुमच्यासाठी, लेकीसाठी, बहिणीसाठी आणि आईसाठी. सकाळची पहिली लघवी, पाळीचे दिवस सोडून. साधी तपासणी करा आणि सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण बघा. सगळ्यांचं बीपी मोजा, आईचं क्रिएटिनिनही करा. मुलाच्या अहवालात नेमका दोष सापडलेला आहे, त्यामुळे बाकीच्यांची जनुकीय चाचणी तेवढ्याच जागी बोट ठेवून करता येते, सगळं पुन्हा शोधावं लागत नाही. त्या अहवालाची प्रत जपा. तुमच्या माहेरच्या घरात सध्या सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे.

इथूनच किडनी देण्याच्या तुमच्या निश्चयाकडे येते. आईचा तो निश्चय आहे, त्याला हात लावायला जीव होत नाही. तरी लावते. ज्या बाईत हाच दोष आहे तिची किडनी डॉक्टर अगदी शेवटचा पर्याय म्हणून बघतात, आणि तेही सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या तर. उरलेली एक किडनी पुढे तिलाच पुरेल का, हा प्रश्न असतो. आता तुमच्या पत्रात एकदाच डोकावणारा माणूस घ्या: ‘हे वेर्ण्याला शिफ्टला असतात.’ बाप मुलाला वाय गुणसूत्र देतो, एक्स देत नाही. म्हणजे हा दोष त्यांच्या बाजूने आलेलाच नाही आणि या आजारापुरती त्यांची किडनी निर्धोक आहे. रक्तगट, साखर, बीपी हे सगळं पुढे बघायचंच. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांत आईबाप दोघेही येतात. प्रत्यारोपण केलेल्या मूत्रपिंडात हा आजार परत येत नाही. थोड्या जणांमध्ये शरीर नव्या मूत्रपिंडातल्या त्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं, म्हणून नंतर लक्ष ठेवतात, एवढंच. आज क्रिएटिनिन नॉर्मल असताना हे सगळं लांबचं आहे. पण ‘हे’ आजपासून चांगले राहायला हवेत. तेव्हा त्यांना शिफ्टमधून काढून पुढच्या भेटीला बरोबर न्या. डॉक्टरांसमोर एकटीनेच बसण्याची सवय तुम्ही लावून घेतलीय.

आता छप्पर.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. एकाच मोठ्या इस्पितळात, एकाच मजल्यावर तीन डॉक्टर त्यांना बघत होते. घरी सोडताना तिघांच्या तीन चिठ्ठ्या मिळाल्या. चौथ्या दिवशी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर मी पाकिटं ओळीने मांडली. दोन वेगळ्या रंगांची, वेगळ्या नावांची पाकिटं, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत औषध तेच. चार दिवस ते दुप्पट घेत होते. छप्पर एकच होतं, ताई. लिफ्टसुद्धा एकच होती.

तुमच्या दिरांचा हेतू चांगला आहे आणि तक्रारही खोटी नाही. हा आजार एका डॉक्टराचा नव्हेच. ज्या कोलॅजनच्या धाग्याने मूत्रपिंडाची चाळणी विणलेली असते तोच धागा आतल्या कानात असतो आणि डोळ्याच्या भिंगाच्या आवरणातही. म्हणून किडनीवाला, कानवाला, डोळेवाला, जनुकीय समुपदेशक, आहारतज्ज्ञ, आणि पुढे मुलींसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, एवढी माणसं लागतात. पण ती एका इमारतीत असण्यापेक्षा एकाचं दुसऱ्याला कळणं मोठं. एक उदाहरण घ्या. उद्या कुणी साध्या संसर्गासाठी त्याला जेंटामायसिन किंवा अमिकासिनचं इंजेक्शन देऊ लागला, तर ते मूत्रपिंडाला वाईट आणि कानालाही. देणाऱ्याला आजाराचं नाव ठाऊक असेल तर तो दुसरं काही निवडेल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. त्या तर आपल्याकडे फार्मसीत चिठ्ठीशिवाय हातावर ठेवतात.

म्हणून घर विकू नका, कॅप्टन नेमा. बांबोळीच्या किडनीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘कान, डोळे, सगळ्यांचे कागद तुमच्याकडे आणले तर शेवटचा शब्द तुम्ही द्याल का?’ बहुतेक हो म्हणतील. गर्दीत त्यांना कुणी असं विचारलेलं नसतं, इतकंच. मग फाईलचं पहिलं पान तयार करा. एकच पान, दोन्ही बाजूंनी नको. वर आजाराचं नाव आणि जनुकातला दोष. खाली चालू औषधं डोससकट, ब्रँडचं नाव नको, औषधाचं. मग लाल शाईने, कोणती औषधं द्यायची नाहीत. मग शेवटचं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिनांचं प्रमाण, बीपी, ऑडिओग्रामची म्हणजे कानाच्या चाचणीची तारीख, डोळ्यांची तारीख. डॉक्टरांकडून ते एकदा तपासून सही घ्या. म्हापशाला गेलात की आधी ते पान, मग कान. त्याचा फोटो यजमानांच्या, शाळेच्या आणि आजीच्या फोनमध्ये असू दे.

मुंबईला जायचंच तर वस्तीला नको, कामापुरतं जा. थिवीला रात्री कोकणकन्या गाडीत बसा, परळला केईएम इस्पितळात जनुकीय समुपदेशनाचं काम उरका आणि परत या. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ सालचं आहे. त्याखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी केईएम एक. या धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण ती यादीत बसणाऱ्या आजारांना आणि त्या केंद्रांमार्फतच. तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी जरूर करा, पण त्या रकमेवर बेत बांधू नका. हातातलं आधी वापरा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत संरक्षण देतं. त्याचं नूतनीकरण झालंय का बघा. पुष्कळ घरांत ते कपाटात असतं आणि मुदत संपलेली असते.

बहिणीला सांगायचं. लग्नाआधी सांगायचं. या वाक्याने तुम्ही दचकाल, ठाऊक आहे. लग्न मोडेल ही तुमची भीती मला उडवून लावायची नाही. आपल्या गावांत चष्म्याचा नंबरसुद्धा लपवतात. पण नीट बघा, तुम्ही तिचं गुपित जपत नाही आहात. जे तिचं आहे ते तिच्यापासूनच लपवताय. आईत हा दोष असेल, आणि लक्षणं तसंच सांगतात, तर बहिणीला तो असण्याची शक्यता निम्मी आहे. म्हणजे नसण्याचीही निम्मीच. कदाचित तिचा अहवाल स्वच्छ येईल आणि विषय संपेल. आला नाही तर मूल हवं असताना तिला काही गोष्टी आधी माहीत असायलाच हव्यात. रामिप्रिलच्या गटातली औषधं गरोदरपणात चालत नाहीत, ती आधीच बदलावी लागतात, आणि बीपी-प्रथिनांवर जास्त नजर ठेवावी लागते. भावी नवऱ्याला काय नि कधी सांगायचं ते तिचं तिने ठरवावं. तुमचं काम एवढंच की तिला घेऊन बसायचं, स्वयंपाकघरात नको, कुठेतरी बाहेर, आणि भावाच्या नावाने सुरुवात करायची. तुम्ही दोघी त्याच्याबद्दल शेवटचं कधी बोललात?

सासूबाईंचं ‘मामार गेलो’ तुम्हाला टोचतं. गंमत अशी, की शास्त्र त्यांच्याच बाजूने आहे. एक्सवरचा दोष मामा-भाच्यांत असाच दिसतो, आणि आपल्या बायकांनी तो शब्द जनुकांचा शोध लागण्याआधी घडवला. टोचतो तो त्यातला आरोप. पण तुम्ही ते एक्स निवडलेलं नाही, तुमच्या आईनेही नाही. चाचणीच्या दिवशी सासूबाईंना बरोबर न्या. जी बाई एवढं नेमकं निरीक्षण करते तिला कामाला लावावं. विहिरीचं म्हणाल, तर काणकोणात मूत्रपिंडाचे इतके पेशंट निघाले की गोव्यात किडनी म्हटली की पहिला संशय पाण्यावर. तुमच्या घरात मात्र पाणी निर्दोष आहे. फिल्टर आणलाच आहे तर राहू दे.

जेवणाबद्दल तुम्ही लिहिलंय की दूध, मासे, डाळ सगळं कमी केलं. पानात काय, तर पेज आणि भाजी. असं करू नका. तेरा वर्षांचा वाढता मुलगा आहे, मूत्रपिंड चालू आहे, त्याची प्रथिनं मनाने तोडायची नाहीत. कमी करायचं ते मीठ: मिस्कुट, पापड, वेफर्स, सुक्या बांगड्याचं किसमूर. ताज्या माशाच्या हुमणाला माझी तरी हरकत नाही. गोमेकॉतल्या आहारतज्ज्ञांना एकदा आठवड्याचं पान लिहून दाखवा. पत्रात लिहिलेल्या त्या गावठी चूर्णाच्या डब्याचं मात्र डॉक्टरांना सांगेपर्यंत झाकण बंद ठेवा.

उरला मुलगा स्वतः. सहाव्या पानावर तुम्ही एक प्रसंग लिहिलाय, तो मी तीनदा वाचला. तुम्ही पाठमोऱ्या भाकऱ्या थापत त्याला हाक मारत होता, तो दारात उभा असून गप्प. तुम्ही चिडून वळलात आणि तोंड दिसल्याबरोबर त्याने उत्तर दिलं. ताई, तो ओठ वाचायला शिकलाय आणि कुणाला बोललेला नाही. या आजारात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून घरच्यांना ‘ऐकू येतं की’ असंच वाटत राहतं. प्रत्यारोपणाने पुढे किडनी मिळाली तरी कान परत येत नाहीत. पण श्रवणयंत्राचा या मुलांना चांगला उपयोग होतो. ऑडिओग्राम दरवर्षी करा, वर्गात पुढचा बाक आणि बाईंना एक चिठ्ठी. चष्म्याचा नंबर भराभर बदलू लागला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना भिंग नीट बघायला सांगा. ते पुढे येऊ लागलं तर मोतीबिंदूसारखी शस्त्रक्रिया करून बदलता येतं.

मामा कशाने गेला हे त्याला ठाऊक असणार. मुलं मोजतात. तो सव्वीसातून तेरा वजा करून बसला असेल. त्याला सांगा की मामाला ही गोळी लहानपणी मिळाली नव्हती, तुला मिळतेय. डॉक्टरांना विनंती करा, पाच मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोला. घरी बीपी त्यालाच मोजू दे, त्याच्याच वहीत. दंडाचा पट्टा मात्र त्याच्या मापाचा हवा.

घुमट बंद करू नका. कानाच्या डॉक्टरांना विचारून फोमचे बोळे आणा आणि आरत्यांच्या आधी घरी दोन-तीनदा घालून वाजवायची सवय करू दे, कारण पहिल्यांदा ताल लांबून आल्यासारखा वाटतो. कासाळीवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या झांजा वाजवणाऱ्यांच्या शेजारी बसवू नका, तो आवाज थेट कानात शिरतो. शिगम्यात ढोल-ताशांच्या रांगेपासून चार पावलं मागे. आणि इयरफोन रात्री तुमच्या उशाशी.